रथांचा खर्च आणि भाकरीचा खर्च

आपल्या मराठी मंडळ्यांतील कितीतरी मंडळ्या छावणीच्या सावलीत वाढल्या आहेत. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, इंदूरपासून जवळच महू आहे, ग्वाल्हेरला लागून मुरार, हैदराबादला लागून सिकंदराबाद. बडोद्यातही लष्कराचे मोठे तांत्रिक विद्यालय आहे. रविवारच्या उपासनेत आपल्या शेजारी निवृत्त सुभेदार बसलेले असतात, मागच्या बाकावर सीमेवरील जवानाची आई असते, आणि गायनवृंदातल्या एखाद्या तरुणाला भरतीचे पत्र नुकतेच आलेले असते. तेव्हा युद्धाचा प्रश्न आपल्याला केवळ वर्तमानपत्रातला प्रश्न नाही. तो आपल्या बाकांवर बसलेला आहे, आणि म्हणूनच बहुधा व्यासपीठावरून त्याविषयी कोणी बोलत नाही.

छावणी आणि उपासनामंदिर यांचे नाते जुने आहे. १८५७ च्या उठावाची सुरुवात मेरठला १० मे रोजी झाली. तो रविवार होता आणि गोरे शिपाई सायंकाळच्या उपासनेच्या तयारीत होते. त्यानंतर उत्तर हिंदुस्थानातील काही छावण्यांच्या चर्चमध्ये बाकांना खाचा पाडण्यात आल्या. उपासनेच्या वेळी बंदूक हाताशी राहावी म्हणून त्या खाचेत ती टेकवून ठेवायची. गुडघे टेकलेला माणूस आणि शेजारी टेकलेली बंदूक! आज त्या खाचांत काही नसते, परंतु तो मनुष्य कोणावर भरवसा ठेवून प्रार्थना करीत होता, हा प्रश्न मात्र अजून तसाच आहे.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. आम्ही येथे शिपायाचा न्याय करावयास बसलेलो नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडा असे म्हटले नाही. कोणाला लुबाडू नका, आपल्या पगारात तृप्त राहा, असे सांगितले. कर्नेल्य शताधिपती होता आणि पवित्र आत्मा त्याच्या घरी उतरला. ज्यांच्या घरचे कोणी सीमेवर उभे नाही त्यांनी जवानाला शांतीचे पाठ द्यावेत, हे आम्हाला शोभणारे वाटत नाही. आमचा प्रश्न त्याला हाती शस्त्र देऊन पाठविणाऱ्या आम्हा सर्वांना आहे. भय वाटले की आम्ही थैलीत हात घालतो तो कशासाठी? आणि ज्या मार्गाने प्रभू गेला त्या मार्गाच्या तयारीसाठी आम्ही त्या थैलीतून काय काढतो?

आकडे पाहावेत. स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २०२४ या एका वर्षी जगातील राष्ट्रांनी लष्करावर २ लाख ७१ हजार ८०० कोटी डॉलर खर्च केले. हा खर्च वाढण्याचे ते सलग दहावे वर्ष होते, आणि खर्च करणाऱ्या देशांत भारताचा क्रमांक पाचवा होता. त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्या शांतिसेनांचे मिळून वर्षाचे अंदाजपत्रक ५६० कोटी डॉलरच्या आसपास होते. म्हणजे लष्करावर पाचशे रुपये, तर भांडणाऱ्यांच्या मध्ये उभे राहण्यावर जेमतेम एक रुपया. शिवाय त्या मध्ये उभे राहणाऱ्यांच्या हातीही शस्त्र असतेच.

आपल्या देशाचे २०२५-२६ चे संरक्षण अंदाजपत्रक ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांचे होते. त्यातील १ लाख ६० हजार कोटी निवृत्तिवेतनाचे. त्याविषयी आमची काही तक्रार नाही, म्हाताऱ्या शिपायाची भाकरी कोणी काढून घेऊ नये. परंतु १ लाख ८० हजार कोटी विमाने, जहाजे, तोफा असल्या भांडवली खर्चाचे होते, आणि त्याच वर्षी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाच्या वाट्याला सारे मिळून सुमारे १ लाख कोटी आले. आरोग्यावर राज्य सरकारेही खर्च करतात, हे ध्यानात घेतले पाहिजे. तुलना अगदी बरोबरीची नाही. तरीही ज्यांनी आपल्या मिशन इस्पितळांपैकी एखादे बंद होताना पाहिले आहे, त्यांना या आकड्यांचा अर्थ फोडून सांगावा लागणार नाही.

असा हिशेब केवळ भाबडे लोक मांडतात असे कोणी समजू नये. १६ एप्रिल १९५३ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी वॉशिंग्टनमध्ये एक भाषण केले. हे दुसऱ्या महायुद्धात युरोपातील दोस्त सैन्यांचे सरसेनापती होते. नॉर्मंडीवर त्यांनीच सैन्य उतरविले. त्यांनी सांगितले की, एका बाँबफेकी विमानाच्या किमतीत तीसहून अधिक शहरांना विटांच्या पक्क्या शाळा मिळाल्या असत्या. बनविलेली प्रत्येक बंदूक म्हणजे भुकेल्यांकडून केलेली चोरी आहे. आणि या मार्गाने मनुष्यजात लोखंडाच्या क्रूसावर टांगली जात आहे. क्रूसाची ही उपमा एका सेनापतीला सुचली. पुढे त्यांच्याच कारकिर्दीत अण्वस्त्रांचा साठा कितीतरी पटींनी वाढला, हेही सांगितले पाहिजे. कळणे आणि वळणे यांतले अंतर सेनापतींनाही चुकलेले नाही.

आता कोणी म्हणेल, हे सारे ऐकावयास बरे आहे, पण शत्रू दारात आला तर काय कराल? १९६२ साली चिनी सैन्य आले तेव्हा काय करावयाचे होते? २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ निरपराध माणसांना गोळ्या घातल्या, त्यांच्या विधवांना तुम्ही काय सांगाल? प्रश्न खरा आहे, आणि तो विचारणाऱ्याला भित्रा किंवा अविश्वासू म्हणून गप्प बसविणे हा अन्याय होईल. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात अधिकाऱ्याच्या हातातील तलवारीचा उल्लेख आहे, तोही आम्ही पुसून टाकू शकत नाही; गुन्हेगाराला पकडणे व शासन करणे हे सरकारचे काम आहेच. मात्र त्याच पत्राचा बारावा अध्याय भुकेल्या शत्रूला जेवू घालावयास सांगतो, आणि ते अध्याय एकामागून एक आहेत. आपल्याला तेरावा पाठ आहे आणि बारावा केवळ लग्नसमारंभात आठवतो.

शत्रूला जेवू घालण्याची गोष्ट जुन्या करारात प्रत्यक्ष घडलेली आहे. दुसरे राजे, सहावा अध्याय. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना दोथानची कथा चांगली ठाऊक असते. अरामाच्या राजाने एकट्या अलीशाला धरावयास रात्रीतून घोडे, रथ आणि मोठे सैन्य पाठविले. पहाटे सेवकाने उठून पाहिले तो नगराला वेढा पडलेला. तो घाबरला, अलीशाने प्रार्थना केली, आणि सेवकाचे डोळे उघडून त्याला डोंगरभर अग्नीचे रथ दिसले. येथे आपण धडा संपवितो. तक्त्यावर अग्निरथांचे चित्र काढतो, मुले खूश होतात, देव आपले रक्षण करतो असे सांगून घंटा वाजवितो. परंतु कथा तेथे संपत नाही, आणि त्या अग्निरथांनी एकाही अरामी मनुष्याला चिरडले नाही, ही गोष्ट तर आपल्या लक्षातही येत नाही.

पुढे काय झाले? सैनिकांची दृष्टी गेली आणि अलीशा त्यांना चालवीत थेट शोमरोनात, इस्राएलाच्या राजासमोर घेऊन गेला. डोळे उघडले तेव्हा ते शत्रूच्या राजधानीत उभे होते. राजाला हर्ष झाला. मारू का यांना, असे त्याने दोनदा विचारले. त्याच्या दृष्टीने संरक्षणाचा प्रश्न एका फटक्यात सुटणार होता. संदेष्ट्याने नाही म्हटले. यांच्यापुढे अन्नपाणी ठेव, खाऊ दे, पिऊ दे, आणि आपल्या धन्याकडे जाऊ दे. मग राजाने मोठी मेजवानी केली. जेवून ते परत गेले आणि अरामी टोळ्या इस्राएलाच्या देशात येईनाशा झाल्या. हे तेविसावे वचन.

शिक्षकांनी या ठिकाणी थोडे थांबावे असे आम्हाला वाटते. एका सैन्याला जेवण घालणे ही काय सोपी गोष्ट आहे? आपल्या मंडळीचे वार्षिक स्नेहभोजन आठवा; दोनशे पाने वाढावयाची तर महिनाभर आधी तांदळाची चौकशी सुरू होते. राजाच्या कोठारात धान्य होते म्हणून मेजवानी झाली. ते धान्य बहुधा त्याच्या स्वतःच्या सैन्यासाठी साठविलेले असणार. ते बाहेर काढून अरामी माणसांपुढे ठेवावयाचे, तर आचारी लागले, पाणके लागले, सरपण लागले; आणि ज्यांच्या गावांवर या टोळ्यांनी धाड घातली असेल अशा नगरवासीयांना, हात आवरा, असे सांगणारा कोणीतरी लागला. अहिंसा म्हणजे काही न करणे अशी आपली जी समजूत आहे ती या पंगतीपुढे टिकत नाही. तीही खर्चाची बाब आहे. फरक इतकाच की तिच्यासाठी कोणी अंदाजपत्रक करीत नाही.

आणि चोविसावे वचन? ते झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्यात लिहिले आहे की यानंतर अरामाचा राजा बेन-हदाद याने सारे सैन्य जमवून शोमरोनाला वेढा घातला. वर्गातील चुणचुणीत मूल बोट ठेवून विचारीलच, मग त्या जेवणाचा उपयोग काय झाला? टीकाकारांनी या दोन वचनांचा मेळ निरनिराळ्या रीतीने घातला आहे. काही म्हणतात की मध्ये बरीच वर्षे गेली. आम्हाला एवढे दिसते की मेजवानीने टोळ्यांच्या धाडी थांबल्या, आणि तरी पुढच्या युद्धासाठी ती पुरली नाही. तलवारीने मिळविलेली शांतीसुद्धा कायमची टिकल्याचे उदाहरण शास्त्रात कोठे आहे? बेन-हदादाचाच आधी दोनदा पराभव झालेला होता. पहिल्या राजांच्या विसाव्या अध्यायात ते वाचावयास मिळते. तलवारीला आपण हा प्रश्न विचारीत नाही. जेवणाला मात्र एकदाच वाढून कायमची शांती मागतो.

शास्त्रातून आपल्या देशात येऊ. अशी मेजवानी एका मंडळीने आपल्या काळात मांडली होती, आणि ती मंडळी प्रॉटेस्टंट होती. नागा डोंगरांत १९५० नंतरच्या दशकात स्वतंत्र होऊ इच्छिणाऱ्या नागांचा आणि भारतीय सैन्याचा संघर्ष पेटला. १९५८ साली सैन्याला विशेष अधिकार देणारा कायदा झाला. गावे जळाली, लोक जंगलात पळाले, जवानही मेले. १ डिसेंबर १९६३ रोजी नागालँड राज्य झाले तरी गोळीबार थांबला नाही. हे ध्यानात घ्यावे की बंदूक घेऊन जंगलात गेलेले बहुतेक नागा बाप्तिस्मा झालेले होते. ख्रिस्ती नाव शस्त्रापासून आपोआप दूर ठेवीत नाही. १९६४ च्या आरंभी नागालँडच्या बॅप्टिस्ट मंडळ्यांचे अधिवेशन वोखा येथे भरले. त्यांनी ठराव केला की दोन्ही बाजूंशी बोलू शकतील अशा माणसांना आपण बोलवावे. बोलविले कोणाला? गांधीमार्गी जयप्रकाश नारायण यांना, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चालिहा यांना, आणि दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषाविरुद्ध झगडलेले इंग्रज पाळक मायकेल स्कॉट यांना. आपले शंकरराव देव यांचेही नाव त्या ठरावात होते, परंतु ते जाऊ शकले नाहीत.

तीन माणसे, तिघांचा पंथ व पक्ष वेगळा. यांतील एकावर दिल्लीचा विश्वास, तर दुसऱ्यावर जंगलातल्या लोकांचा. पण मंडळीचा तिघांवर होता. ६ सप्टेंबर १९६४ पासून युद्धविराम लागू झाला. पुढचे काम अधिक कंटाळवाणे होते आणि त्याविषयी फार थोडे लिहिले जाते. युद्धविराम मोडल्याच्या तक्रारी दोन्हीकडून येत. त्या खऱ्या की खोट्या हे गावोगाव जाऊन पाहण्यासाठी शांतिनिरीक्षक नेमले गेले. क्वेकर पंथाच्या मार्जोरी साइक्स त्यांच्यापैकी एक. जन्माने इंग्रज असून १९२८ पासून त्यांनी आपले आयुष्य भारतात घालविले होते, आणि नागालँडला गेल्या तेव्हा त्या साठीच्या घरात होत्या. डोंगरवाटा चढून जाणे, दोन्ही बाजूंचे ऐकणे, टिपण करणे, पुन्हा दुसऱ्या गावी जाणे. बॅप्टिस्ट मंडळीचे रेव्हरंड लाँगरी आओ यांनी तर पुढेही हेच आपले सेवाकार्य मानले.

हे कार्य फसले असे म्हणणारे आहेत. १९६६ साली जयप्रकाशांनी राजीनामा दिला, स्कॉट यांना सरकारने देशाबाहेर काढले आणि शांतिमंडळ संपुष्टात आले. पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्याशी १९६६-६७ मध्ये झालेल्या बोलण्यांच्या सहा फेऱ्यांतूनही तोडगा निघाला नाही. हे चोविसावे वचनच म्हणावयाचे. परंतु युद्धविराम मुदतवाढ घेत घेत १९७२ पर्यंत चालला. मध्ये तो मोडलाही गेला, पूर्ण शांतता होती असे नव्हे. तरीपण त्या आठ वर्षांत जितकी शेते पेरली गेली, जितकी मुले शाळेत बसली, जितके जवान सुट्टी घेऊन जिवंत घरी आले, ते सारे कोणत्या खात्यावर मांडावयाचे? बेळगावच्या किंवा महूच्या कोणा आईचा मुलगाही त्यांत असेल.

ग्वाल्हेरच्या वाचकांना आणखी जवळचे उदाहरण आहे. चंबळच्या खोऱ्यातील दरोडेखोरांपुढे पोलिसांच्या तुकड्या वर्षानुवर्षे थकल्या होत्या. मे १९६० मध्ये विनोबा भावे तेथे पायी गेले आणि २० जणांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. या कामी मध्यस्थी केली ती मेजर जनरल यदुनाथ सिंह या सेनाधिकाऱ्याने. छावणीतील आमच्या बांधवांनी हे नाव लक्षात ठेवावे. एप्रिल १९७२ मध्ये मुरैनाजवळच्या जौरा येथे जयप्रकाशांच्या उपस्थितीत मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांच्या टोळ्यांनी हत्यारे खाली ठेवली. त्यांना फाशी होऊ नये आणि मागे त्यांच्या मुलाबाळांचे हाल होऊ नयेत, याची बोलणी कित्येक महिने चालली होती.

परकीय सैन्याविरुद्ध हे चालेल काय? चालल्याचे एक उदाहरण शिक्षकांचेच आहे. १९४२ साली नाझींच्या ताब्यातील नॉर्वेत क्विसलिंगच्या सरकारने शाळा आपल्या मुठीत घेण्यासाठी शिक्षकांवर सरकारी संघटना लादली. १२ हजारांपैकी निदान ८ हजार शिक्षकांनी, आम्ही यात भाग घेणार नाही, अशी पत्रे आपापल्या सहीने पाठविली. सुमारे १,१०० जणांना धरले, त्यांतील जवळजवळ ५०० जणांना उत्तर ध्रुवाकडील किर्केनेस येथे जर्मन सैन्याच्या कामावर जुंपले. तिकडे लूथरन मंडळीच्या सातही बिशपांनी फेब्रुवारीत सरकारी पदे सोडली आणि पुनरुत्थानाच्या सणाला बहुतेक पाळकांनी त्यांचे अनुकरण केले. वर्षअखेरीस शिक्षक घरी परतले आणि ती योजना बासनात गेली. नॉर्वे स्वतंत्र झाला तो मात्र १९४५ मध्ये, जर्मनीचा रणांगणावर पराभव झाल्यावर. एवढ्या पुराव्यावर, सैन्याशिवाय सारे भागते, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. मुलांची मने नाझींच्या हाती गेली नाहीत. ते काम कोणत्याही तोफेने केले नाही, इतके म्हणतो.

मग अशा कामांची तयारी कोठे होते? सैनिक घडविण्यासाठी प्रबोधिनी आहे, कवायत आहे, राखीव दल आहे. शांतीसाठी विनोबांनी १९५७ साली शांतिसेना काढली. विनोबांचे बालपण बडोद्यात गेले, त्यामुळे तेथील मराठी मंडळींना ते घरचेच. परंतु ती सेना कधी मोठी झाली नाही. १९६२ च्या युद्धानंतर १ मार्च १९६३ रोजी शंकरराव देवांच्या नेतृत्वाखाली एक लहानशी मैत्रीयात्रा दिल्लीहून पेकिंगकडे पायी निघाली. तिची पुष्कळ हेटाळणी झाली. चीनने तिला प्रवेश दिला नाही आणि ती आसामपाशी थांबली. मूठभर माणसे, वर्षभर चालणे, पदरी काही नाही; पाहा, अहिंसा चालत नाही, असे लोक म्हणाले. तोफा न देता, कवायत न शिकविता एखादी पलटण पुढे पाठविली असती आणि ती हरली असती, तर तेच लोक तिला दोष देते की तिला पाठविणाऱ्यांना?

आमचे म्हणणे कोणाला राजकारण वाटेल, म्हणून मंडळीच्या हाती काय आहे तेवढेच लिहितो. शब्बाथशाळेत दोथानचा धडा येईल तेव्हा तो तेविसाव्या वचनापर्यंत न्यावा, आणि मोठ्या वर्गात चोविसाव्यापर्यंत. तरुणसंघात वादविवाद ठेवावा, त्यात निवृत्त सैनिकांना आवर्जून बोलवावे. युद्ध म्हणजे काय हे चित्रपट पाहिलेल्यांपेक्षा त्यांना अधिक माहीत असते. गावात दोन समाजांत तणाव निर्माण झाला तर कोणत्या चार घरी जाऊन बसावयाचे, याची ओळख आधीच करून ठेवावी. दंगल पेटल्यावर ओळखी होत नाहीत. यासाठी वार्षिक अंदाजपत्रकात एखादी रक्कम, शंभर रुपयेसुद्धा, वेगळी दाखवावी. रकमेपेक्षा हिशेबाच्या वहीत तसे एक खाते उघडले जाणे महत्त्वाचे आहे.

आणि प्रार्थना. सीमेवरील आपल्या जवानांसाठी आपण दर रविवारी प्रार्थना करतो, ती करावीच. १ नोव्हेंबर १९७० रोजी पाकिस्तानातील प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ पाकिस्तान स्थापन झाले. त्याच महिन्याच्या २९ तारखेला नागपुरात उत्तर भारतातील पंथांचे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. दोन्ही मंडळ्यांत एकच प्रभुभोजन, पुष्कळ अंशी तीच उपासनापद्धती, वय एका महिन्याच्या अंतराचे. पुढच्याच वर्षी ३ डिसेंबरला दोन्ही देशांत युद्ध पेटले, आणि येशूच्या जन्माचा सण दोन्हीकडे ताज्या शोकात साजरा झाला. लाहोरच्या किंवा सियालकोटच्या चर्चमध्येही मागच्या बाकावर एखाद्या शिपायाची आई बसत असेल. तिच्यासाठी आपल्या सार्वजनिक प्रार्थनेत एक ओळ असावी अशी आमची सूचना आहे. ती पाळकसाहेबांनी घालावी की वडीलमंडळाने ठराव करून घालावी, हे ज्या त्या मंडळीने आपसात ठरवावे.